अधिक तीन तास

त्याचं खरं नाव कार्यालयाच्या दारावरच्या पाटीवर आहे आणि ती पाटी कुणी वाचत नाही. घरीदारी सगळे त्याला अंदाजपंचे म्हणतात. हे नाव मेव्हणीने ठेवलं, त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. 'कपडे बिनधास्त बाहेर वाळत घाल,' असं त्याने तिला सांगितलं, तिने ते घातले आणि संध्याकाळी दोरीऐवजी डबक्यातून गोळा केले. "अंदाजपंचे दाहोदरसे," एकेक कपडा पिळत ती म्हणाली. पुढचा शब्द लांबलचक म्हणून यथावकाश गळून पडला, पहिला कायमचा चिकटला. लेकीच्या मित्रमैत्रिणींना तर ते आडनावच वाटतं. मोठ्या आदराने ते त्याला पंचेकाका म्हणतात. त्यानेही कधी दुरुस्ती केली नाही, कारण खरा अर्थ समजावून सांगण्यापेक्षा निमूटपणे पंचे होणं त्याला परवडत होतं.

हवामानाचा अंदाज वर्तवणं हा त्याचा धंदा. या धंद्यात माणूस बरोबर आला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकला तर गल्लीतली मांजरंसुद्धा त्याच्याकडे बघून अंग झटकतात. म्हणून या लोकांनी आपल्यापुरती एक भाषा तयार केली आहे. 'तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.' या वाक्याचा दगडी किल्ला आजवर कुणाला फोडता आलेला नाही. पाऊस पडला तर आम्ही म्हणालोच होतो, नाही पडला तर दुसऱ्या कुठल्या तरी तुरळक ठिकाणी पडला असेल. ही भाषा तो इतकी वर्षं बोलत आला होता की ती घरातही शिरली. जेवायला किती वाजता येणार असं बायकोने विचारलं की तो म्हणायचा, "आठच्या सुमारास येण्याची दाट शक्यता." बायकोने मग स्वतःचं एक साधं शास्त्र बसवलं. तो म्हणाला कोरडं, की ती छत्री घ्यायची. तो म्हणाला पाऊस, की ती गाद्या उन्हात टाकायची. तिचे अंदाज त्याच्यापेक्षा बरे यायचे आणि हे तो स्वतःच पाहुण्यांना सांगायचा, म्हणजे निदान सांगण्याचं श्रेय तरी पदरात पडे.

त्याच्या कार्यालयातल्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती. एक माणसांचं, दुसरं हवामानाचं. जगभरातल्या वेधशाळा एकच वेळ पाळतात, नाहीतर इथला दुपारचा ढग आणि तिथला सकाळचा ढग एकच की दोन, यावरून मारामाऱ्या होतील. ती जगाची वेळ इथल्या वेळेच्या तीन तास मागे; भारतात असता तर साडेपाच मिळवावे लागले असते. म्हणजे नकाशावर नऊ लिहिले असतील तर आपले बारा. नकाशा बघायचा आणि तीन मिळवायचे. नोकरीला लागला त्या दिवसापासून तो तीन मिळवत आला होता. आता ते मिळवणं राहिलं नव्हतं, पापणी लवते तसं ते आपोआप होत होतं. एकदा दंतवैद्याने अकराची वेळ दिली, तर हा दोनला जाऊन उभा. दंतवैद्य तोंडात घास घेऊन दार उघडायला आला आणि दोघेही गाल फुगवून एकमेकांकडे बघत राहिले.

तर अशा या अंदाजपंच्यांच्या लेकीने नाटक बसवलं. वाचनालयाच्या मागे एक फरशी घातलेलं मोकळं आवार होतं, तीन बाजूंना भिंती, मध्ये एक झाड. त्या आवारात तिने पुठ्ठ्याची अख्खी गल्ली उभी केली होती: घरं, खिडक्या, दिव्याचा खांब, कोपऱ्यावरचं न्हाव्याचं दुकान. दोन महिने सगळी मंडळी हातांना खळ लावून बसली होती. पाऊस आलाच तर शेजारीच वाचनालयाचा हॉल होता, पण त्याचं छत बुटकं आणि दिव्याचा खांब त्यात तिरका करूनच उभा राहणार. शिवाय तिथे निम्मीच माणसं मावणार. प्रयोग दुपारी चारचा. आवारात करायचा की हॉलमध्ये, हे सकाळीच ठरवायला हवं होतं.

आदल्या दिवशी लेक जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. चेहरा रडवेला. आधी तिने त्या नटाचं गाऱ्हाणं सांगितलं, जो नाटकात बापाचं काम करत होता. "सगळं छान करतो. पण एक वाक्य आहे, 'चुकलं माझं.' अख्खं नाटक त्या वाक्यावर उभं आहे, आणि हा ते पदक घेतल्यासारखं छाती काढून म्हणतो. सतरा वेळा सांगून झालं."

"प्रयोगापर्यंत सुधारणा होण्याची शक्यता," तो म्हणाला.

"हेच," ती म्हणाली. "हेच मला नकोय, बाबा. उद्या पाऊस येणार की नाही? शक्यता नको, तुरळक नको, टक्के नकोत. मी फोनमधलं कुठलंही ॲप बघणार नाही, दुसऱ्या कुणालाही विचारणार नाही. तू सांगशील ते करणार."

बायकोच्या हातातला डाव हवेतच थांबला. मेव्हणी असती तर तिला ठसका लागला असता. आणि तो? त्याने हातातला घास पुन्हा ताटात ठेवला. शाळेत असताना हीच पोर बापाने टीव्हीवर कोरडी हवा सांगितली की मुद्दाम रेनकोट काढून ठेवायची. आता तिचं दोन महिन्यांचं काम तिने त्याच्या एका शब्दावर ठेवलं होतं. इतकी वर्षं अख्ख्या शहराला अंदाज सांगितला, पण आपल्याला कुणी असं विचारावं ही त्याची इच्छा होती हे त्याला त्याच क्षणी कळलं. "सकाळी फोन करतो," एवढंच तो म्हणाला.

सकाळी तो सर्वांच्या आधी कार्यालयात हजर. पूर्वी नकाशे कागदावर यायचे आणि ते रंगीत पेन्सिलींनी रंगवताना आपण काहीतरी काम करतोय असं वाटायचं. आता सगळं ऑनलाइन. एकाच पोर्टलवर उपग्रहाची चित्रं, रडार, फुग्यांनी वरून पाठवलेली मोजमापं आणि देशोदेशींची मॉडेलं. एकेक मॉडेल पन्नास वेळा चालवतात, दर वेळी सुरुवातीला जरासा फरक करून, आणि ती पन्नास उत्तरं शेजारी शेजारी मांडतात. लग्न ठरवताना पन्नास नातेवाइकांना विचारावं तसलाच प्रकार. वीस म्हणतात करा, वीस म्हणतात नको, दहा जेवायला थांबतात.

पोर्टलची नवी आवृत्ती त्याच आठवड्यात आली होती. बटणं गोलगरगरीत झाली होती, रंग गोड झाले होते. उघडल्याबरोबर मधोमध एक चौकट आली: 'नवीन काय आहे ते जाणून घ्या.' जगातला कुठलाही शहाणा माणूस अशा चौकटीचं जे करतो तेच त्याने केलं. कोपऱ्यातली फुली दाबली.

आणि मग तो बघतच राहिला. पन्नासच्या पन्नास नातेवाइकांचं एकमत झालं होतं. पावसाचा एक घट्ट पट्टा येणार होता, पडद्यावर अगदी साडेचारला शहरावर दिसत होता. त्याने खाली वर, मागे पुढे करून पाहिलं, दुसरं मॉडेल उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे साडेचार. पापणी लवली. साडेचार अधिक तीन, साडेसात. नाटक सहाला संपणार. लोक घरी जाऊन कपडे बदलेपर्यंतसुद्धा थेंब पडणार नाही.

त्याने फोन लावला. "आवारातच कर. पाऊस येणार, पण साडेसातला. तोपर्यंत एक थेंब नाही."

समोरच्या टेबलावरून रडारबाईंनी मान वर केली. या बाई रडार बघत, गेली कित्येक वर्षं त्याच खुर्चीत बसून, आणि गॅसवरच्या दुधावर ठेवावं तसं ढगांवर लक्ष ठेवत. "शक्यता म्हणायची विसरलात," त्या म्हणाल्या.

"विसरलो नाही," तो म्हणाला. "काढून टाकली." आणि त्याला स्वतःचाच आवाज जरा भारदस्त वाटला.

दुपारी तो नवा शर्ट घालून बायकोबरोबर आवारात पोचला. खुर्च्या भरत होत्या. आकाश निळं, ऊन पुठ्ठ्याच्या खिडक्यांवर, न्हाव्याच्या दुकानाचा आरसा लखलखतोय. बायकोच्या हातात आज छत्री नव्हती. पिशवीतही नव्हती, त्याने हळूच चाचपून पाहिलं. "लेक म्हणाली, ठेव घरी," बायको दुसरीकडे बघत म्हणाली. त्याची छाती अशी फुगली की नव्या शर्टाचं बटण कुरकुरलं.

स्पीकरवाला फरशीवर वायरी पसरत होता. "पंचेकाका, पावसाचं काय? या सगळ्या उघड्या वायरी आहेत."

"साडेसात," पंचेकाका ऐटीत म्हणाले. "ये, दाखवतो." त्याने फोनवर पोर्टल उघडलं, रडार लावलं. ढगांचा पट्टा लाल-पिवळा, ठसठशीत, आणि वाटलं होतं त्यापेक्षा बराच जवळ. आपला काहीतरी घोटाळा होतोय असं पहिल्यांदा त्याच्या बोटाला वाटलं, डोक्याला नंतर. चित्राच्या कोपऱ्यात वेळ लिहिली होती, तीन पंचवीस. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन. रडारचं ताजं चित्र चार-पाच मिनिटं जुनं असतंच, म्हणजे वेळ बरोबर जुळत होती. पण ती जुळायला नको होती. तिथे बारा पंचवीस असायला हवं होतं.

खाली करड्या रंगात, मुंगीने लिहावं इतक्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'सर्व वेळा आपल्या स्थानिक वेळेनुसार दाखवल्या आहेत.'

पोर्टलने तीन तास आधीच मिळवले होते. त्याने त्यावर आणखी तीन मिळवले होते. नवख्या पोराकडून ही चूक झालीच नसती. ती करायला आयुष्यभराचा अनुभव लागतो.

"काका, बरं वाटत नाहीये का?" स्पीकरवाल्याने विचारलं. अंदाजपंच्यांची पाचावर धारण बसली होती. एक मन म्हणालं, गप्प बस, मॉडेलं चुकतात, तू तर चुकतोसच. दुसरं मन पुठ्ठ्याच्या त्या गल्लीकडे बघत होतं. खोटं पडणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पण आपल्या शब्दावर लेकीचा खेळ भिजणार आणि आपण खुर्चीत मूग गिळून बसणार, हे त्याच्याच्याने होईना.

तो पुठ्ठ्याच्या घरांमागे गेला. लेक नटांना शेवटचं काहीतरी सांगत होती. बापाचं काम करणारा नट मिशी चिकटवत होता. पुठ्ठ्याला कान असतात हे अंदाजपंचे विसरला. पलीकडच्या पहिल्या दोन रांगांना सगळं ऐकू जात होतं.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

त्याने चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला, डोळ्यांवर लावायचं राहूनच गेलं. "तीन तास," तो म्हणाला. "मी दोनदा मिळवले." मग त्याला वाटलं हे कुणाला कळणार नाही. त्याने खाली फरशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चुकलं माझं."

"म्हणजे?"

"साडेसातला नाही. साडेचारला येणार."

"शक्यता?"

"नाही गं. येणारच."

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, राग होता की काय कोण जाणे. मग तिने टाळ्या वाजवल्या आणि ओरडली, "सगळं आत! हॉलमध्ये! प्रेक्षकांनी आपापली खुर्ची उचला!"

पुढचा अर्धा तास म्हणजे एखाद्या गल्लीने घर बदलावं तसा गोंधळ होता. घरं दारातून आडवी गेली, न्हाव्याच्या दुकानाचा कोपरा दुमडला. दिव्याचा खांब छताला टेकला आणि सबंध नाटकभर नमस्कार केल्यासारखा वाकून राहिला. निम्मी माणसं बसली, उरलेली भिंतीला टेकून उभी राहिली. काही निघून गेली. जाताना त्यांनी अंदाजपंच्यांकडे पाहिलं आणि मग आकाशाकडे, जे अजून निळंच होतं.

नाटक सुरू झालं. तो खिडकीपाशी उभा राहिला. साडेचार झाले. बाहेर इतकं स्वच्छ ऊन होतं की झाडाची पानंन्‌पानं मोजता आली असती. पाच वाजले. एक चिमणी आवारातल्या कोरड्या फरशीवर उतरली, इकडेतिकडे पाहून उडाली. प्रेक्षकांतली एकेक मान खिडकीकडे वळायची, मग त्याच्याकडे, मग पुन्हा रंगमंचाकडे. माणसाने पाऊस पडू नये म्हणून देव पाण्यात घातलेले त्याने ऐकले होते. तो पडावा म्हणून घाम गाळणारा हवामानवाला बहुधा तो पहिलाच. चल ये, असं तो मनात म्हणत होता. चार थेंब तर टाक. माझ्यासाठी नको, पोरीसाठी टाक.

त्याने हळूच रडारबाईंना फोन लावला. "बाई, पट्टा कुठे गेला?"

"टेकड्यांपाशी अडकलाय," त्या म्हणाल्या. "चहाबिहा घेत असेल."

"येणार तरी कधी?"

"येण्याची शक्यता आहे," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेवढ्यात हॉलमध्ये एकदम शांतता झाली. कुणी तरी मोठ्याने श्वास घेतला, मग टाळ्या पडल्या, नाटक चालू असतानाच. बायकोने त्याच्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की तो दचकला. रंगमंचावर बापाचं काम करणारा नट पाठमोरा चालला होता. त्याच्या हातात चष्मा होता. काय झालं ते अंदाजपंच्यांना कळलं नाही. क्षितिजावर एक करडी रेघ दिसल्यासारखी वाटत होती आणि त्याचा सगळा जीव त्या रेघेत होता. ती रेघ नव्हती, खिडकीची घाण होती.

प्रयोग संपला, लोक गेले. जाताना एक आजोबा त्याच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "छान कोरडी हवा होती हो." तो हसला. हसण्याचा त्याला सराव होता. मग सगळ्यांनी मिळून घरं दुमडली, खुर्च्या रचल्या. हॉल वाचनालयाला मोकळा करून हवा होता, म्हणून पुठ्ठे पुन्हा आवारातून पलीकडच्या शेडमध्ये न्यायचे होते. शेवटच्या खेपेच्या वेळी अंधारून आलं. झाड सळसळलं, फरशीवर एक टपोरा डाग पडला, मग दुसरा, आणि मग कुणी बादली उपडी करावी तसा पाऊस कोसळला.

लेकीने मनगट वर करून घड्याळ पाहिलं. केसांतून पाणी निथळत होतं. "बाबा," ती म्हणाली, "साडेसात."

आयुष्यात एकदाच त्याने न कचरता सांगितलं होतं. ते अगदी घड्याळाच्या ठोक्याला खरं ठरलं होतं, आणि भर सभेत उठून त्यानेच ते खोटं पाडलं होतं. चुकून बरोबर आला होता, बरोबर करायला जाऊन चुकला होता. मेव्हणीला हे कळणार, यात तर कसलीच शक्यता नव्हती, ते नक्कीच होतं.

"तुझं आवार गेलं," तो म्हणाला. त्याला खरंच रडू येत होतं, पावसात ते दिसत नव्हतं इतकंच. "मी गप्प बसलो असतो तर तुझं सगळं झाडाखाली झालं असतं, उन्हात. खांब सरळ उभा राहिला असता."

"खांबाचं मरू दे," लेक म्हणाली. "ते वाक्य ऐकलंस ना? त्याने तसंच केलं, चष्मा पुसला आणि खाली बघितलं. दोन महिने मी जे मागत होते ते त्याने तुझं बघून अर्ध्या तासात उचललं. माझ्या अंगावर काटा आला, बाबा. ऐकलंस ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. हो म्हणायची दाट शक्यताही होती. त्याने चष्मा काढला, ओल्या शर्टाच्या ओल्या टोकाने पुसला, आणि पायांपाशी साचलेल्या पाण्याकडे पाहिलं. "नाही गं. मी खिडकीतून ढग बघत होतो. चुकलं माझं."

लेक इतकी हसली की हातातलं न्हाव्याचं दुकान तिला खाली ठेवावं लागलं. "अरे ए," शेडमध्ये अर्धी मिशी सुटून उभ्या असलेल्या नटाला तिने हाक मारली, "बघितलंस का? अस्संच!" मग ती बापाकडे वळली. "पुढच्या प्रयोगाच्या आधीही तुलाच विचारणार आहे."

"आणि मी पुन्हा चुकलो तर?"

"तर पुन्हा येऊन सांग."

एवढं बोलून तिने त्याच्या हातात दोन खुर्च्या दिल्या. तो त्या धरून तसाच उभा राहिला. शेडच्या दारातून बायको ओरडली, "अहो, उभे काय राहिलात? पाऊस पडतोय, दिसत नाही का?"